इंग्लंडच्या खेड्यात राहताय? मग पॅरिश कौन्सिलकडे काय मागायचं आणि कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोघं वर्क व्हिसावर, मुलगी गावच्याच प्राथमिक शाळेत. दोन वर्षांपूर्वी शहर सोडून मिडलँड्समधल्या एका खेड्यात घर घेतलंत. आता गावाच्या कडेच्या शेतात ४० घरं बांधण्याचा प्रस्ताव आलाय, शाळेसमोरून गाड्या सुसाट जातात आणि गावातला एकुलता एक पब विकायला निघालाय अशी कुजबुज आहे. तुम्ही पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे गावच्या निवडून आलेल्या मंडळाच्या, सभेला गेलात, तर लोकांसाठी राखलेली वेळ संपली म्हणून तुम्हाला पुरतं बोलू दिलं नाही, आणि जेवढं बोललात त्यावर ‘पुढच्या सभेत घेऊ’ एवढंच उत्तर मिळालं. म्हणून तुम्ही विचारताय, ही कौन्सिल खरंच काही करू शकते का, आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी त्यात पडावं का.

दोन्हीचं उत्तर हो. मी बरीच वर्षं इंग्लंडमधल्या छोट्या पॅरिश कौन्सिलांची क्लार्क, म्हणजे पगारी सचिव, म्हणून काम करतेय. सभेला तावातावाने येणाऱ्या माणसांचं म्हणणं बहुतेक वेळा रास्त असतं. पण ते चुकीच्या कौन्सिलपुढे (तुमच्या पॅरिशच्या वर डिस्ट्रिक्ट आणि काउंटी अशा आणखी दोन कौन्सिला आहेत), नाहीतर चुकीच्या महिन्यात मांडलेलं असतं, आणि तिथेच सगळं फसतं.

आधी ‘पुढच्या सभेत घेऊ’बद्दल, कारण त्याचा तुम्हाला राग आलाय. ती टाळाटाळ नव्हती. विषयपत्रिकेवर नसलेल्या गोष्टीवर पॅरिश कौन्सिलला कायद्याने निर्णय घेताच येत नाही. सभेची सूचना किमान तीन पूर्ण दिवस आधी लावावी लागते. त्यात लावल्याचा दिवस धरत नाहीत, सभेचा दिवस धरत नाहीत, रविवार आणि बँक हॉलिडेही धरत नाहीत. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी सभा असेल तर गुरुवारी विषयपत्रिका फलकावर हवी. मी बुधवारीच लावते. आमचा फलक बस थांब्याशेजारी आहे, ओकच्या लाकडाचा. पावसाळी हवेत त्याचं दार फुगतं, किल्ली दोनदा फिरवून खांद्याने रेटावं लागतं, तेव्हा कुठे आतल्या कॉर्कवर कागद टोचता येतो. त्या कागदावर वाक्य कसं लिहिलंय यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. नुसतं ‘वाहतूक’ असं लिहिलं तर चर्चा होते आणि लोक घरी जातात. ‘शाळेसमोरच्या रस्त्यावर वाहनांच्या वेगाची मोजणी करण्याची काउंटी कौन्सिलकडे मागणी करावी का, याचा निर्णय घेणे’ असं लिहिलं तर हात वर होतात, ठराव होतो आणि दुसऱ्या दिवशी मला पत्र पाठवता येतं.

म्हणून पुढच्या सभेच्या दहाएक दिवस आधी क्लार्कला ईमेल करा. नेमकं काय व्हावं ते एका वाक्यात लिहा, का व्हावं ते चार वाक्यांत. एखाद्या कौन्सिलरला आधी भेटून विषय समजावून दिलात तर आणखी चांगलं, कारण सभेत तो विषय मांडणारं कुणीतरी आतलं लागतं. तुम्हाला सभेला बसण्याचा हक्क १९६० च्या कायद्याने दिलाय. खासदार म्हणून नव्याने निवडून आलेल्या मार्गारेट थॅचर यांनी आपल्या पहिल्याच भाषणात मांडलेलं ते विधेयक. २०१४ पासून सभेचं रेकॉर्डिंगही करता येतं. मात्र बसण्याचा हक्क म्हणजे बोलण्याचा हक्क नव्हे. बहुतेक कौन्सिला सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं लोकांसाठी ठेवतात आणि माणशी तीन मिनिटं देतात. या वेळेचा उपयोग अजेंड्यावर आधीच असलेल्या विषयावर बोलण्यासाठी करायचा. नवा विषय तिथे काढला की तो पुढच्या महिन्यावर जाणार हे ठरलेलंच.

आता ही कौन्सिल आहे तरी काय. आपल्या डोळ्यांसमोर ग्रामपंचायत येते, आणि ते काही अंशी बरोबर आहे. पॅरिश कौन्सिल १८९४ च्या कायद्याने जन्माला आली. त्याआधी गावचा कारभार चर्चच्या सभेतून चाले. त्या कायद्याने नागरी काम चर्चपासून वेगळं काढलं, आणि स्त्रियांना, विवाहित स्त्रियांनाही, मतदानाचा आणि निवडून येण्याचा हक्क दिला. पार्लमेंटसाठी मत मिळायला त्यांना पुढे १९१८ पर्यंत थांबावं लागलं. आजचे बरेचसे अधिकार १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यातून येतात. इंग्लंडभर अशा सुमारे १०,००० कौन्सिला आहेत. कमीत कमी पाच सदस्य, चार वर्षांची मुदत, आणि गणपूर्तीला एक तृतीयांश, पण तीनपेक्षा कमी नाही. अध्यक्ष सरपंचासारखा थेट लोकांतून निवडला जात नाही, सदस्यच दर मे महिन्यात आपल्यातून निवडतात. क्लार्क म्हणजे ग्रामसेवकाच्या जवळची भूमिका, पण सरकारने नेमलेली नाही. मी कौन्सिलची पगारी नोकर आहे. ठराव अमलात आणणं, हिशेब ठेवणं आणि कौन्सिल कायद्याबाहेर जात असेल तर तसं स्पष्ट सांगणं हे माझं काम. मला मत नाही.

चर्चची वेगळी कौन्सिल असते, तिचा आमच्याशी संबंध नाही. फक्त चर्चचं आवार दफनासाठी अधिकृतपणे बंद झालं असेल तर त्याची निगा राखण्याची जबाबदारी चर्च आमच्यावर सोपवू शकतं, आणि मग गवत कापण्याचा खर्च गावावर येतो.

तुमच्या भागात पॅरिशच्या वर डिस्ट्रिक्ट आहे आणि त्यावर काउंटी. रस्ते, पदपथ, शेतातल्या पायवाटा, शाळा आणि समाजकल्याण काउंटीकडे. बांधकाम परवानग्या, कचरा, मतदारयादी आणि कौन्सिल टॅक्सची, म्हणजे इथल्या घरपट्टीची, वसुली डिस्ट्रिक्टकडे. पॅरिशकडे खेळाचं मैदान, अॅलॉटमेंट (भाजीपाला पिकवायला भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे), बस थांब्याचं छप्पर, बाकं, युद्धस्मारक, काही ठिकाणी दिवे आणि दफनभूमी. विल्टशरमध्ये २००९ पासून आणि सॉमरसेट व नॉर्थ यॉर्कशरमध्ये २०२३ पासून काउंटी आणि डिस्ट्रिक्ट एकत्र करून एकच मोठी कौन्सिल आहे. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेनुसार सरकारला उरलेल्या दुहेरी भागांतही तेच करायचंय. माझ्या मते त्याने गावाचं नुकसान होण्याचा धोका आहे, कारण निर्णय घेणारी माणसं आणखी लांब जातात. पण त्याच कारणाने पॅरिशचं महत्त्वही वाढेल. वरच्या कौन्सिला नकोशा झालेल्या मोकळ्या जागा आणि सार्वजनिक शौचालयं आत्ताच खाली ढकलतायत.

पैशाचं गणित कळलं की निम्मे गैरसमज जातात. तुमच्या कौन्सिल टॅक्सच्या बिलात पॅरिशची वेगळी ओळ असते, तिला प्रीसेप्ट म्हणतात. आम्ही डिसेंबर-जानेवारीत वर्षाचं अंदाजपत्रक बसवतो आणि डिस्ट्रिक्टला आकडा कळवतो; तो घराघरांवर वाटला जातो. समजा गावात बँड डीच्या, म्हणजे करासाठी प्रमाण धरलेल्या मधल्या गटाच्या, हिशेबाने ४०० घरं आहेत आणि प्रीसेप्ट १६,००० पौंड आहे, तर बँड डीच्या घराला वर्षाला ४० पौंड पडतात. त्यात ४,००० पौंडांचं एक नवं काम घातलं की घरटी १० पौंड वाढले. म्हणून मार्चमध्ये कुणी झोपाळे बदला म्हणालं, तर उत्तर बहुधा पुढच्या वर्षीचं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीच मागणी दोन ठिकाणच्या दरपत्रकांसह आली तर ती अंदाजपत्रकात बसते.

शिवाय प्रत्येक पौंडामागे कुठला तरी कायदा लागतो. अॅलॉटमेंटसाठी १९०८ चा, युद्धस्मारकासाठी १९२३ चा, दिव्यांसाठी १९५७ चा. ज्याला वेगळा कायदा नाही अशा गावाच्या भल्याच्या कामासाठी १९७२ च्या कायद्याचं कलम १३७ आहे, पण त्याला मतदारामागे वार्षिक मर्यादा असते. २०२५-२६ साठी ती ११.१० पौंड होती. ६०० मतदारांच्या गावात वर्षाला ६,६६० पौंड, त्यापुढे नाही. किमान दोन तृतीयांश सदस्य निवडणुकीने आलेले असतील आणि क्लार्क पात्रताधारक असेल तर कौन्सिलला याहून व्यापक अधिकार घेता येतो. आपल्या कौन्सिलने तो घेतलाय का, हे विचारून ठेवा.

कुत्र्यांच्या घाणीच्या डब्यावरून दर गावात वाद होतो, म्हणून एक गोष्ट सांगते. डबा एकदाच घ्यायचा असतो, पण तो रिकामा करण्याचे पैसे दर आठवड्याला, वर्षानुवर्षं जात राहतात. कौन्सिल त्या छोट्या डब्याला का कचरते त्याचं कारण हे आहे.

हिशेब तुम्हाला स्वतः पाहता येतात. आमचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि उन्हाळ्यात ३० कामकाजाचे दिवस वह्या, पावत्या, करार लोकांना पाहायला खुले ठेवावे लागतात. जुलैचे पहिले दहा कामकाजाचे दिवस त्यात यायलाच हवेत. फार थोडे लोक येतात. या तुम्ही. आपण कुठे कशावर खर्च करतोय हे गावातल्या आणखी चार माणसांना कळलं तर माझं कामही सोपं होतं.

आता ४० घरं. यावर मला सविस्तर लिहायचंय, कारण इथे सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते.

पॅरिश कौन्सिल परवानगी देत नाही आणि नाकारतही नाही. डिस्ट्रिक्ट आम्हाला कळवतं आणि मत द्यायला २१ दिवस मिळतात. दहा किंवा जास्त घरांचा अर्ज मोठ्या बांधकामात धरतात, त्याच्या निर्णयाची ठरलेली मुदत १३ आठवडे. अर्ज फेटाळला तर बिल्डर प्लॅनिंग इन्स्पेक्टरेट या सरकारी यंत्रणेकडे अपील करू शकतो. मंजूर झाला तर शेजाऱ्यांना मात्र अपील नाही. म्हणजे जे सांगायचं ते निर्णयाआधी आणि त्या अधिकाऱ्याला वापरता येईल अशा भाषेत सांगायला हवं.

आपल्या खिडकीतून दिसणारा देखावा जाईल, घराची किंमत उतरेल, बिल्डरचा पूर्वीचा लौकिक वाईट आहे, ही कारणं प्लॅनिंगमध्ये मोजली जात नाहीत. लोक नेमकं तेच लिहितात. मोजलं जातं ते असं: रस्त्याला जोडणाऱ्या तोंडापाशी दोन्ही बाजूंना पुरेसं दिसतं का, पावसाचं पाणी कुठे जाणार, सांडपाण्याची वाहिनी आणखी ४० घरं पेलेल का, शेजारच्या घरात उजेड आणि खासगीपणा राहील का, जुन्या वास्तूंच्या परिसराला बाधा येते का, जागा डिस्ट्रिक्टच्या लोकल प्लॅनमध्ये, म्हणजे विकास आराखड्यात, आहे का. फेब्रुवारी २०२४ पासून अशा मोठ्या बांधकामाला जैवविविधतेत किमान १० टक्के भर दाखवावी लागते, तो कागदही तपासा. एका गावात शेताच्या खालच्या कोपऱ्यात दर हिवाळ्यात पाणी साचायचं. बिल्डरच्या अहवालात त्याचा उल्लेख नव्हता. कुत्रा फिरवायला जाणाऱ्या एका आजींनी तारखा घालून फोटो ठेवले होते, फाटकाच्या खांबावर पाणी कुठवर चढलं ते दिसेल असे. त्या फोटोंमुळे पाणी निचऱ्याचा आराखडा नव्याने करावा लागला. ‘आमचा तीव्र विरोध आहे’ असं लिहिलेल्या पत्रांच्या गठ्ठ्याने ते झालं नसतं.

डिस्ट्रिक्टकडे पुढच्या पाच वर्षांना पुरेल इतकी घरबांधणीची जमीन निश्चित झालेली आहे का, हेही विचारा. नसेल तर राष्ट्रीय धोरणाचं पारडं मंजुरीकडे झुकतं आणि गावाचं म्हणणं हलकं पडतं. त्याला उपाय म्हणजे नेबरहूड प्लॅन. २०११ च्या लोकलिझम कायद्याने गावाला स्वतःचा विकास आराखडा करण्याचा हक्क दिला. गावकऱ्यांची समिती मसुदा करते, स्वतंत्र परीक्षक तो तपासतो, मग गावात सार्वमत होतं आणि साध्या बहुमताने तो मंजूर झाला की त्याला कायदेशीर वजन येतं. देशातलं असं पहिलं सार्वमत मार्च २०१३ मध्ये कम्ब्रियातल्या अप्पर ईडनला झालं. आराखड्यात घरांसाठी जागा ठरवून दिलेल्या असतील आणि तो पाच वर्षांच्या आतला असेल, तर नियोजनाबाहेरच्या अर्जांविरुद्ध चांगलं संरक्षण मिळतं. जिथे डिस्ट्रिक्ट बांधकामावर पायाभूत सुविधांची लेव्ही घेतं, तिथे तिच्यातला गावचा वाटाही वाढतो. आराखडा नसेल तर १५ टक्के, तोही मर्यादेसह, आणि असेल तर २५ टक्के. हे काम दोन-तीन वर्षांचं असतं, त्यामुळे तुमच्या शेताच्या अर्जापर्यंत होणार नाही. पण त्याच्या मागून दुसऱ्या शेताचा अर्ज येतोच.

आणखी एक सांगते, आणि ते सगळ्यांना आवडत नाही. नुसतं ‘नको’ म्हणणारं पत्र मला गावासाठी घातक वाटतं. अर्ज मंजूर झालाच तर गावाला काय हवं हे त्याच पत्रात लिहायला हवं: शाळेपर्यंत सलग पदपथ, बसचा थांबा, खेळायची जागा आणि ती कोण सांभाळणार, परवडणारी घरं किती आणि त्यांत गावाशी नातं असलेल्यांना प्राधान्य. या गोष्टी बिल्डर आणि डिस्ट्रिक्ट यांच्यातल्या कलम १०६ च्या करारात बांधून घेता येतात, पण मागितल्या तरच. गावातली तरुण मुलं लग्नानंतर वीस मैल लांब राहायला जातात कारण इथलं घर त्यांना परवडत नाही, आणि मग शाळेचा पट कमी होतो म्हणून सगळे हळहळतात. तुमची मुलगी त्याच शाळेत आहे. काही घरं गावाला हवीत. ती कुठे आणि कशी, यावर गावाने भांडावं.

सहा मतदार मिळून पॅरिश मीटिंग बोलावू शकतात. ती कौन्सिलची सभा नसते, सगळ्या मतदारांची असते, आपल्या ग्रामसभेच्या जवळची. तिथे दहा मतदारांनी, किंवा हजर असलेल्यांच्या एक तृतीयांशांनी, यांपैकी जे कमी असेल त्यांनी मागितलं तर मतदानही घ्यावं लागतं. पण त्याचा निकाल कुणावर बंधनकारक नसतो आणि खर्च गावाच्याच माथी येतो. घरांच्या प्रश्नावर मी सभा जरूर बोलवा म्हणेन, पण मतदानाचा आग्रह धरू नका.

शाळेसमोरच्या गाड्यांचं उत्तर त्यामानाने सरळ आहे. वेगमर्यादा बदलण्याचा अधिकार काउंटीचा आणि दंड करण्याचा पोलिसांचा. दोघंही पहिला प्रश्न विचारतात, आकडे कुठे आहेत? रस्त्यावर आडव्या रबरी नळ्या टाकून आठवडाभर मोजणी करतात. त्यात सरासरीबरोबरच १०० पैकी ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो आकडाही पाहिला जातो. ३० मैलांच्या हद्दीत हा ८५ गाड्यांचा आकडा ३७ निघाला तर तुमच्या हातात काहीतरी आलं. ३१ निघाला तर प्रश्न वेगाचा नसून अरुंद रस्त्याचा आणि कसेही उभ्या केलेल्या गाड्यांचा आहे, आणि त्याचा इलाज निराळा. वाहतूक शांत करण्याच्या कामाला पॅरिशला १९९७ च्या कायद्याने पैसे देता येतात. खांबावरचा वेग दाखवणारा फलक अनेक गावं घेतात. त्याच्यात नोंदीही साठतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी जागा बदलली की त्याचा परिणाम टिकतो. दुसरं म्हणजे कम्युनिटी स्पीडवॉच. पोलिसांनी शिकवलेले स्वयंसेवक पिवळी जाकिटं घालून, ठरवून दिलेल्या जागी उभे राहून नोंद करतात आणि गाडीमालकाला पोलिसांकडून पत्र जातं. दंड नसतो, तरी शाळेच्या वेळेला दोन पालक तिथे उभे असले की फरक दिसतो. यासाठी कुठलंही नागरिकत्व लागत नाही. तुम्ही उद्या नाव देऊ शकता.

पबच्या बाबतीत मात्र घाई करा. पब विक्रीला लागल्यावर हातात फार थोडं उरतं, त्याआधी बरंच करता येतं. पॅरिश कौन्सिल, किंवा किमान २१ स्थानिक मतदारांचा गट, पबला समाजोपयोगी मालमत्ता म्हणून नोंदवण्याची मागणी डिस्ट्रिक्टकडे करू शकतो. नोंद पाच वर्षं टिकते. त्या काळात मालकाने विकायचं ठरवलं तर त्याला डिस्ट्रिक्टला कळवावं लागतं. सहा आठवड्यांत गावाच्या गटाने रस दाखवला, तर कळवल्यापासून सहा महिने तो दुसऱ्या कुणाला विकू शकत नाही. गावालाच विकायची सक्ती मात्र नाही, आणि सहा महिन्यांत पैसे उभे करणं कठीण असतं. पण होतं. कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटमधला ओल्ड क्राउन पब तर गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढून २००३ मध्येच विकत घेतला, हा कायदा येण्याच्या कितीतरी आधी. शिवाय मे २०१७ पासून पबचं घर किंवा दुकान करायला प्लॅनिंगची पूर्ण परवानगी लागते. त्यामुळे विकला गेला म्हणजे तो पब उरणार नाही असं नव्हे.

या सगळ्या गोष्टी वेळेवर कळणार कशा, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. पूर्वी जिल्ह्याच्या साप्ताहिकाचा वार्ताहर पॅरिशच्या सभेला येऊन कोपऱ्यात बसायचा. आता बहुतेक गावांत कुणीच येत नाही. बीबीसीच्या पैशातून चालणारे स्थानिक लोकशाहीचे वार्ताहर आहेत, पण त्यांचा वेळ मोठ्या कौन्सिलांतच जातो. म्हणून गावची खरी बातमी आज तीन ठिकाणी असते: फलकावरची विषयपत्रिका, सभेचं इतिवृत्त आणि दारात येऊन पडणारं पॅरिश मासिक. मासिकात चर्चच्या प्रार्थनांच्या वेळा, विमेन्स इन्स्टिट्यूट या महिला मंडळाच्या संध्याकाळचा वृत्तांत, कचऱ्याच्या गाड्यांचे वार, छप्पर दुरुस्त करणाऱ्याची जाहिरात, आणि मध्येच चार ओळीत ‘खालच्या गल्लीतला लाल टेलिफोन बॉक्स ब्रिटिश टेलिकॉमकडून एक पौंडाला घेण्याचं ठरलं, त्यात डिफिब्रिलेटर बसवणार’. डिफिब्रिलेटर म्हणजे बंद पडलेलं हृदय विजेच्या झटक्याने सुरू करायचं यंत्र, म्हणून ती चार ओळींची बातमी कुणाचा तरी जीव वाचवू शकते. मासिक गल्लीगल्लीत हाताने वाटणारी माणसं बहुतेक सत्तरीपुढची असतात आणि त्यांना नेहमी मदत हवी असते. एक गल्ली मागून घ्या. वर्षभरात जितकी माणसं ओळखीची होतील तितकी दुसऱ्या कुठल्याच मार्गाने होणार नाहीत. व्हिलेज हॉलच्या समितीचंही तेच. हॉल बहुधा स्वतंत्र धर्मादाय संस्थेचा असतो, कौन्सिलचा नाही, आणि विश्वस्त मिळत नाहीत ही त्यांची कायमची अडचण आहे.

गावातल्या भांडणांबद्दलही लोक विचारतात, विशेषतः २०२१ च्या फेब्रुवारीत चेशरमधल्या हँडफोर्थ पॅरिश कौन्सिलची झूमवरची सभा जगभर पाहिली गेल्यापासून. लोकांना त्यातली आरडाओरड आठवते. मला त्यातला मूळ मुद्दा महत्त्वाचा वाटतो: सभा कोण बोलावू शकतं. अध्यक्ष सभा बोलावत नसेल तर दोन सदस्य लेखी मागणी करू शकतात, आणि सात दिवसांत काही झालं नाही तर स्वतः बोलावू शकतात. लहान गावात एकच माणूस वर्षानुवर्षं अध्यक्ष राहतो, तिथे हे माहीत असलेलं बरं. कोविडकाळातली ऑनलाइन सभांची सवलत मात्र मे २०२१ मध्ये संपली, तेव्हापासून सदस्यांना प्रत्यक्ष यावं लागतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बाहेरून आलेल्यांनी यात पडावं का. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे नागरिक असल्यामुळे वैध व्हिसावर इथे राहत असताना मत देऊ शकतात, पॅरिशच्या निवडणुकीतही आणि पार्लमेंटच्याही. अनेक मराठी कुटुंबांना हे ठाऊकच नसतं. डिस्ट्रिक्टच्या मतदारयादीत दोघांची नावं घाला. मतदानाला फोटो ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. उभं राहण्याचा नियम वेगळा आहे: त्यासाठी कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी किंवा ब्रिटिश नागरिकत्व हवं. तोवर वर्क व्हिसावर कौन्सिलर होता येणार नाही. ती परवानगी मिळाली की मग अडचण नाही. वय १८ पूर्ण, आणि एकतर मतदारयादीत नाव, नाहीतर बारा महिने गावात किंवा तीन मैलांच्या आत वास्तव्य. अर्जावर दोन मतदारांच्या सह्या लागतात. बऱ्याच गावांत निवडणूक होतच नाही, कारण जागांइतकेही अर्ज येत नाहीत. मध्येच जागा रिकामी झाली तर क्लार्क सूचना लावते. कामकाजाच्या १४ दिवसांत दहा मतदारांनी निवडणूक मागितली नाही, तर कौन्सिल स्वतः कुणाला तरी घेऊ शकते. मी पाहिलेले कितीतरी चांगले कौन्सिलर असेच एका साध्या पत्रावर आत आले आणि मग अनेक वर्षं टिकले.

सध्या तुमच्यासाठी वार्षिक पॅरिश मीटिंग हीच योग्य सुरुवात. ती १ मार्च ते १ जून यांच्या दरम्यान, संध्याकाळी सहानंतर घ्यावी लागते. यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला तिथे प्रश्न विचारता येतो, ठराव मांडता येतो आणि मत देता येतं. चहा-केक असतो, शाळा, हॉल, अॅलॉटमेंटवाले आपापला अहवाल वाचतात, आणि काउंटीचा व डिस्ट्रिक्टचा कौन्सिलर बहुधा हजर असतो. शाळेसमोरच्या वेगमोजणीचा ठराव तिथे मांडा. तो मंजूर झाला तरी कौन्सिलवर बंधन येत नाही, पण पुढच्या महिन्याच्या विषयपत्रिकेवर तो विषय घ्यायला क्लार्कला सबळ कारण मिळतं. पबच्या नोंदणीसाठी मात्र तोवर थांबू नका. त्याचा ईमेल याच आठवड्यात पाठवा.